हिच्या मनगटाचा पट्टा

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे अजून तुझ्याशी भांडत असतील, तर जिन्यापासून लांब राहा. (तू ऐकणार नाहीस. तीस वर्षं नर्स होतीस, पेशंट व्हायला काही शिकली नाहीस.) इकडे आम्ही दोघं आहोत, खुशालीदाखल एवढं पुरे.

हिच्या हृदयाची देखरेख आता घरबसल्या करायची, असं हॉस्पिटलने ठरवलं आहे. दर मंगळवारी येणारी नर्स बंद झाली आणि तिच्या जागी एक डबा आला. त्याला पडदा आहे, वजनकाटा आहे आणि मनगटावर बांधायचा पट्टा आहे. नर्स ठोके मोजायची, पायाची सूज दाबून बघायची आणि जाता जाता हिची नखंही कापून द्यायची. डब्याला नखांचं वावडं आहे. बसवायला आलेल्या मेकॅनिकने घरभर फिरून जाहीर केलं, की रेंज फक्त स्वयंपाकघरात येते. त्यामुळे डबा ओट्यावर आणि हिची खाट ओट्यासमोर. आता डबा हिच्यावर नजर ठेवतो आणि ही माझ्या स्वयंपाकावर.

रोज सकाळी डबा बाईच्या आवाजात विचारतो, आज कसं वाटतंय? उत्तरं तीनच चालतात: छान, ठीक, वाईट. हिचं उत्तर चौथंच असतं आणि ते आमच्या लग्नापासून सुरू होतं. डबा म्हणतो, उत्तर समजलं नाही, पुन्हा सांगा. (चाळीस वर्षांत मला हे म्हणायचं धाडस झालं नाही.)

खरी कटकट पट्ट्याची. हिचं मनगट इतकं वाळलंय, की शेवटच्या भोकातही पट्टा राहत नाही. तो घसरला, की डब्याच्या लेखी बाई गेली. दोनदा ॲम्ब्युलन्स आली. दुसऱ्या वेळी दोन माणसं स्ट्रेचर घेऊन तीन जिने चढली, तर मयत बाई खाटेवर बसून वाटाणे सोलत होत्या. मीच हिला जिवंत ठेवून खोळंबा केल्यासारखं ड्रायव्हरने मला झापलं. मग हॉस्पिटलचा फोन आला: पुन्हा असं झालं तर डबा परत नेऊ, पेशंटला वॉर्डात भरती करावं लागेल. ही म्हणाली, वॉर्डात मी मरेन. अक्का, हे ती गमतीत म्हणाली नाही. मी त्याच दिवशी पट्ट्याचा बंदोबस्त केला. तेव्हापासून तो एकदाही घसरलेला नाही.

आठवडा शांत गेला. मग डॉक्टरीणबाईंचा फोन: ठोका मध्येच थांबतोय, कधी तर तीन-तीन सेकंद, पेशंटला लगेच घेऊन या. हिला धावत नेलं. तिथे तपासलं, तर ठोके अगदी नेमाने पडत होते. पट्टाच बिघडला असेल, म्हणून नवा दिला. नव्यातही तेच. सोमवारी पुन्हा बोलावलंय.

तुझं जुनं रक्तदाब मोजायचं यंत्र पडून असेल, तर पाठवून दे.

तुझा,
धाकटा

ता. क. यंत्र नको, तूच ये. तुम्हा दोघींचं सहा वर्षं बोलणं नाही, हे मला ठाऊक आहे. अबोला तसाच ठेवा, फक्त हिच्या गोळ्यांच्या वेळा शिकून घे.

ता. क. २. पट्टा घसरत नाही, कारण तो मी माझ्याच हाताला बांधतो. माझं मनगट जाड आहे. दोन्ही पट्ट्यांनी माझेच ठोके मोजले, म्हणजे सोमवारी बोलावलंय ते मला. मला भीती वाटतेय, अक्का. मला ठेवून घेतलं तर हिच्याजवळ कोण? हिला वाटतंय की पट्टाच खराब आहे. तसंच वाटू दे.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, एवढ्यात डब्याने रोजचा प्रश्न विचारला. ही आज लग्नापासून सुरू झाली नाही. मला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाली, "माझं राहू दे गं, यांचं बघ." डबा म्हणाला, उत्तर समजलं नाही, पुन्हा सांगा. तिने पुन्हा सांगितलं.