आईच्या फोटोची रॉ फाईल

प्रिय ऋषी,

व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला ब्लॉक केलंय, म्हणून कागद घेतला. ‘प्रिय’ लिहिताना हात आखडला, पण सात वर्षं एका स्टुडिओत काढल्यावर दुसरं काय लिहिणार? अमिताच्या हळदीतल्या आईच्या फोटोची मूळ रॉ फाईल मला हवी आहे. तुझ्या सॉफ्टवेअरने इस्त्री मारलेली नाही, कॅमेऱ्याने पाहिली तशी.

तुला तेव्हाच सांगत होतो, जुनंच सॉफ्टवेअर ठेवू. एकेक रॉ फाईल उघडायची, उजेड बघायचा, शार्पनिंग बेताने द्यायचं. वेळ लागतो, लागू दे! पण तुला ते नवं हवं होतं, आठशे फोटो एका बटणावर. डेमो बघूनच हरखलास. वाशीच्या तुझ्या सोसायटीतल्या बायकांचे चेहरे गुळगुळीत झाले, त्या खूश झाल्या, आणि तुला वाटलं जग जिंकलं. अरे, पण आमच्या बोनकोडे गावातल्या गोंदलेल्या बायका! आईच्या कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण त्या सॉफ्टवेअरला डाग वाटलं. साफ पुसून टाकलं! नऊ वर्षांची असताना रडत रडत गोंदवून घेतलं होतं तिने. सॉफ्टवेअरला अक्कल नाही, कबूल. तुझे डोळे कुठे गेले होते? सात वर्षं तिच्या हातची कोळंबी चापलीस आणि तिचं कपाळ तुला ओळखता आलं नाही?

मीही गाढवच. बहिणीची हळद म्हणून तो फोटो मी स्वतः काढला होता. पण रॉ फाईली तुझ्या हार्ड डिस्कवर ठेवायच्या हे आपलं ठरलेलं, म्हणून बिनधास्त कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं केलं. अल्बम आला तेव्हा भांडलो, स्टुडिओ सोडला, पण फाईल काही मागितली नाही. आई समोर होती ना, फोटोचं एवढं काय, असं वाटलं.

गेल्या मंगळवारी आई गेली. तुला कळवलं नाही. राग होता, दुसरं काही नाही. तुझ्या अल्बममधला तो गुळगुळीत फोटो फ्रेम करून आणला, तर बाबा हार घालेनात. “ही कोन बाय आनलीस? आमची चंद्रा न्हाय ही,” म्हणाले आणि ओटीवर जाऊन बसले. बाराव्याला चार दिवस आहेत. डिस्क शोध, आणि तूच घेऊन घरी ये. आणि हे बघ, त्या फोटोत तिचे ओठ हललेत. धवलारीण ना ती, गावातली निम्मी लग्नं तिच्याच गाण्यांनी लागली. तेव्हाही पोरीच्या हळदीला गातच होती. ते ओठ शार्प करायचे नाहीत. हललेलेच राहू देत.

तुझाच,
धनेश