हजार मीटरच्या वर

२४ ऑगस्ट

बोगोमिरराव कुंपणापाशी आले, टोपी काढली नि म्हणाले, "अल्बीनाबाई, परवा वरच्या कुरणावर येता का? वाटेवरच्या खुणा रंगवायच्यात. क्रोफलाही घ्या." क्रोफ म्हणजे माझा कुत्रा, चालताना पोट जमिनीला टेकतं. त्यांचा बारोन वासराएवढा.

हो म्हटलं. लगेच! दुखरा गुडघा गेला खड्ड्यात. अकरा वर्षांचा शेजार, दोघंही एकेकटे, आणि अजून 'तुम्ही'. निवृत्त हेडमास्तर, नियमाचा माणूस. पण डोंगराचाही नियम आहेच की — हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'तू', मंत्री असो की गुराखी. आमचं मेलं गाव पाचशेवर. मला त्यांच्या तोंडून तू ऐकायचंय. बस्स, लिहून टाकलं.

२५ ऑगस्ट

आरशासमोर "अरे बोगोमिर" म्हणून पाहिलं. क्रोफ पलंगाखाली गेला. लुब्लियानाहून लेकीचा फोन — "आई, या वयात डोंगर?" म्हटलं, कुत्र्याला व्यायाम हवाय.

२६ ऑगस्ट

पाय ठणकतायत, पण लिहिते.

चढताना ते झाडाझाडावर लाल कडं काढत, आत पांढरा ठिपका. मी डबा धरून मागे. वाट सोडून बाजूला एका झाडाखाली छान सावली होती. म्हटलं, इथेही काढा एक, बसायला बरं. "खोटी खूण? अल्बीनाबाई, जन्मात केली नाही. लोक भरवसा ठेवून चालतात." बरं मास्तर, चला.

मग तो खडक आला. त्यावरचं '१००० मी.' त्यांनी सावकाश गिरवलं, ब्रश पुसला, टोपी काढून पिशवीत ठेवली.

"अल्बीना, दमलीस का गं?"

सगळा सराव वाया. "नाही हो," म्हटलं. मग, "नाही रे."

वर नुसता गोंधळ. बारोन गाईंना घाबरून माझ्यामागे लपला — लपलं फक्त नाक, बाकी सगळा दिसतच होता! तेवढ्यात क्रोफने गवळणीच्या खिडकीतलं चीज पळवलं. ती ओरडत आली, "कुणाचं हे कार्टं?" बोगोमिर म्हणाला, "आमचंच. काय करणार?" आमचंच म्हणाला! चीजचे पैसे भरून दिले, कुट्टूच्या पिठाची उकड नि आंबट दूध खाल्लं. त्याच्या मिशीला दूध लागलेलं. मी सांगितलंच नाही. तू म्हणणाऱ्या माणसाला मिशी कशी शोभते ते बघत बसले.

उतरताना गुडघ्याचं निमित्त करून रेंगाळले. क्रोफने तर बसकणच मारली, शेवटी त्याला बोगोमिरच्या पाठपिशवीत घातलं. तरी खडक आलाच. टोपी डोक्यावर गेली.

"सांभाळून हं, अल्बीनाबाई. तुमच्या पुढे निसरडं आहे."

रडू आलं. डोळ्यात रंग गेला म्हणाले — म्हणजे मी म्हणाले.

२७ ऑगस्ट

गुडघा सुजला. बरं झालं, खोड मोडली.

२८ ऑगस्ट

कुंपणावरून चौकशी — "गुडघा कसा आहे तुमचा?"

"वर बरा होता," म्हटलं आणि खिडकी लावून घेतली. पडद्याआडून पाहिलं. बराच वेळ तिथेच उभे, टोपी फिरवत. दोघे कुत्रे मात्र कुंपणाच्या फटीतून एकमेकांची नाकं चाटत होते. त्यांना कुठली आलीय उंची?

२९ ऑगस्ट

दिवसभर दिसले नाहीत. फार तोडून बोलले का मी? जाम करायला घेतला, करपला.

३० ऑगस्ट

सकाळी क्रोफ बागेतून आला तो नाकाला लाल रंग फासून. चपला न घालताच बाहेर धावले. कुंपणाच्या खांबावर लाल कडं, आत पांढरा ठिपका, खाली हेडमास्तरी वळणदार अक्षरात — १००० मी.

पलीकडे ते. एका हातात ब्रश, दुसऱ्यात टोपी.

"अल्बीना, उठलीस का?"