विशाखाचं जागरण आणि बाबांची झोप

गोंदिया,
शनिवार, १८ फेब्रुवारी २००६

प्रिय रीनाताईस,

अल्काचा सप्रेम जयभीम. रत्नपाल भाऊजींनाही जयभीम सांग. तिकडे भिलाईत तुम्ही दोघं मजेत असाल. इकडे सगळं बरं आहे.

फोन सोडून ही पत्र काऊन लिहून राहिली, असं तुला वाटेल. फोनवर एक विषय निघाला की तुझी लगेच ड्युटी लागते. पत्र अर्ध्यात ठेवून तुला पळता येणार नाही, म्हणून लिहिते.

आधी तुझ्या भाचीचं. विशाखा तीन महिन्यांची झाली. गाल असे आले आहेत की बाजूनं पाहिलं तर नाक दिसत नाही. पंख्याकडे पाहून हसते, भिंतीवरच्या पालीकडे पाहून हसते, माझ्याकडे पाहून मात्र जांभई देते. आणि जांभई देऊनही झोपत नाही. ताई, ही पोरगी झोपतच नाही! तू नर्स आहेस, तू म्हणशील सगळीच लेकरं अशी असतात. असतील. पण सगळ्यांच्या आया जिवंत कशा राहतात ते मला कोणी सांगितलं नव्हतं.

सासूबाई सव्वा महिना होत्या तोवर काही कळलं नाही. त्या गेल्या आणि मी नि राजदीप, दोघंच उरलो. मांडीवर झोपलेली गादीवर ठेवली की डोळे टक्क उघडे. आळीपाळीनं घ्यायचं ठरवलं, पण पाळी कोणाची यावरून भांडण व्हायचं, आणि भांडता भांडता दोघंही विसरायचो की सुरुवात कशावरून झाली होती. मग हसायचो. बाबा शेतात गेल्यावर आपली आई दोन पोरींना एकटी सांभाळताना काय भांडत असेल आणि कोणाशी, असं मनात यायचं.

राजदीपचं तर विचारू नकोस. तुला माहीत आहे, तो आमगावला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जातो. सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसला की आमगाव किती दूर? पण एक दिवस डोळा लागला तो थेट डोंगरगडला उघडला. टीसीनं हलवून विचारलं, "कहाँ जाना है?" तर हा म्हणाला, "घर." दुसऱ्या दिवशी त्यानं समोरच्या बाईला सांगून ठेवलं, आमगाव आलं की उठवून द्या. तर तीही झोपली. तिच्याही मांडीवर तान्हं लेकरू होतं! पुन्हा डोंगरगड. दुकानमालक उदाराम म्हणतो, तुला छत्तीसगडमध्येच शाखा काढून देतो.

मी काही कमी नाही. वरणात साखर टाकली. घरमालकीण सुशिलाबाईंचा ब्लाऊज शिवायला घेतला होता, त्याला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावून दिल्या. त्या अंगात घालूनच खाली आल्या. "बेटी, मेरे दो बाएँ हाथ कब से हो गए?" बाई मनानं चांगली आहे. रागावली नाही. उलट मीठ-मिरच्या घेऊन आली आणि विशाखाची दृष्ट काढली. राजदीप म्हणाला, आपण हे मानत नाही. मी म्हटलं, ती झोपणार असेल तर मी आज काहीही मानते. झोपली नाही. मिरच्या जळाल्या, आम्ही दोघं खोकत बसलो आणि ती आमच्याकडे पाहून हसत होती.

हे सगळं हसत लिहून राहिले, पण एक दिवस हसण्यासारखा नव्हता. ते राजदीपलाही मी दोन दिवसांनी सांगितलं.

दुपारी तिला आंघोळ घालत होते. पाटावर पाय लांब करून, तिला पायांवर पालथी घेऊन. तेल लावून झालं होतं. ऊन ऊन पाणी, तिचं मऊ अंग, आणि माझा डोळा लागला. बसल्या बसल्या. ती घसरून माझ्या पावलावर आली तेव्हा तिच्या रडण्यानं मी उठले. लागलं काही नाही. खरंच काही नाही, घाबरू नकोस. पण हातातला पाणी ओतायचा गडवा गरम पाण्याच्या बादलीत पडला होता, आणि बादली तिच्या डोक्यापासून वीतभर दूर होती. मी तिला छातीशी धरून मोरीतच बसून राहिले. ती रडायची थांबली, मी थांबले नाही.

मग तिला कापडात गुंडाळलं आणि तशीच ओल्या लुगड्यानं नाक्यावरच्या एसटीडीवर गेले. गावी केशोरावांच्या दुकानात फोन लावला. म्हटलं, बाबांना निरोप द्या, अल्कानं बोलावलं आहे.

तर ताई, आता तो विषय आला. पत्र घडी करून ठेवू नको.

बाळंतपणाला बाबा मला म्हणाले होते, "घरी बाईमाणूस नाई, तुहं मी कसं करू?" मला राग आला होता. आई असती तर, असं मनात येऊन मी पुढे काही मागितलंच नाही. आणि ते आले काय, गेले काय, तुझ्याशी बोलताना मी त्यांचं नाव काढणंच सोडलं होतं. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला ते सगळ्या गावासमोर तुला म्हणाले, "हिनं नागपूरच्या दवाखान्यात नेली म्हणून मेली." तू ताटावरून उठून गेलीस ती पुन्हा गावात आली नाहीस. माझ्या लग्नालाही तू परस्पर इथंच आलीस आणि ते समोर आले की तोंड फिरवून उभी राहिलीस. दोघांच्या मध्ये उभं राहून मला रडू यायचं, म्हणून मी मध्ये उभंच राहत नव्हते.

तर दुसऱ्या दिवशी सकाळच्या बल्लारशा गाडीनं बाबा दारात. खांद्यावर तांदळाची पिशवी, हातात लाखोळीच्या भाजीची जुडी. माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "काऊन वं, हे काय रूप करून ठेवलं?"

मी म्हटलं, "झोप नाही होत, बाबा."

"मले तं तसई झोप येत नाई. आन त्या बुडीलेई. जमलं आमचं."

हात धुतले, त्या बुडीला, म्हणजे विशाखाला, उचललं आणि मला म्हणाले, "जाय, झोप."

"तुम्हाला जमेल का?"

"लेकरू हाय, बैल नाई. जाय म्हनलं नं."

मी पडले. इतकी गाढ झोपले की अंगावरचं दूध भरून पोलकं ओलं झालं तेव्हा कुठे जाग आली. घरात आवाज नाही. धावत अंगणात गेले, तर बाबा उन्हात पाटावर बसलेले. विशाखा त्यांच्या हातावर पालथी, पाय दोन्ही बाजूंना लोंबते, आणि बाबा तिला आपल्या शेतातल्या धानाच्या बांध्या एकेक करून सांगत होते. "हे नहराची बांधी. इथं पाणी आधी येते. मंग हे मोहाची. मंग खालची मोठी, तिथं चिखल लय…" पोरगी गाढ झोपलेली. बांध्या संपल्या की ते पुन्हा नहरापासून सुरू करायचे.

तेवढ्यात सुशिलाबाई जिन्यावरून खाली धावत आल्या. "अल्का! बच्ची ठीक तो है? इतना सन्नाटा क्यों है?" रडणं ऐकू आलं नाही म्हणून बाई घाबरली होती! बाबांनी तिला बोटानं गप्प केलं.

त्या शनिवारी संध्याकाळी राजदीप आला, जोड्यासकट आडवा झाला आणि रविवारी दुपारीच उठला. उठून मला म्हणाला, तू सुंदर दिसतेस. मी म्हटलं, तुला नीट दिसून राहिलं आता, एवढंच.

असे आठ-दहा दिवस गेले. आम्ही माणसात आलो. बाबा मात्र जागेच. मी उठले की ते बसलेले दिसायचे. परवा दुपारी मी बाजारातून आले, तर बाबा खाटेवर झोपलेले, विशाखा छातीवर. दोघांची तोंडं उघडी. ताई, आई गेल्यापासून मी त्यांना असं झोपलेलं पाहिलं नव्हतं. मी पिशवी हातात तशीच धरून उभी राहिले, खाली ठेवली तर आवाज होईल म्हणून.

उठल्यावर त्यांनी विशाखाला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "रीना कशी जागली असन वं?"

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"नागपूरले. खाटेपाशी बसून राहे, दिवस ना रात. मी वऱ्हांड्यात शाल हातरून झोपून राहो. तुही माय गेली तवाई मी झोपलो होतो. तिनंच येऊन उठवलं मले. तवापासून डोळा लागत नाई." मग विशाखाला थोपटत म्हणाले, "जागनं काय असते, हे या बुडीनं दाखवलं. जे जागली, तिलेच मी गावासमोर बोललो."

मी म्हटलं, "हे तिला सांगा."

"मले नाई जमत. तू लिव्ह."

"काय लिहू?"

विशाखानं त्यांचं बोट तोंडात धरलं होतं. ते तिच्याकडे पाहत म्हणाले, "लिव्ह, का तिनं बरोबर केलं होतं. नागपूरले नेलं, बरोबर केलं."

त्यांचा शब्द मी जसाच्या तसा लिहिला. माझं काही जोडलं नाही.

आता माझं. तू नाइट ड्युट्या करतेस, आणि तिकडून आल्यावर तुलाही झोप येत नाही, हे भाऊजींनी मला फोनवर सांगितलं होतं. तू रागावू नको त्यांच्यावर. इथं लेकरू धरायला आता पुष्कळ हात आहेत. चार दिवसांची सुट्टी टाक, भाऊजींना घेऊन ये. आल्याबरोबर कोणी काही विचारणार नाही, कोणी काही बोलणार नाही. आधी गरम भात आणि लाखोळीची भाजी खा. मग आतल्या खोलीत दार लावून झोप. तू उठशील तेव्हा बोलू. कितीही उशिरा ऊठ.

तुझी,
अल्का

आणि बाजूला बसून, लेकरू उठू नये म्हणून हळू आवाजात, "काय लिवलं, वाचून दाखव" म्हणणारे
आपले बाबा