विजयमालीचे पुढचे पाय

सदाशिव पेठ, पुणे

तीर्थरूप विजयमालाताईस,

धाकट्या मच्छिंद्रचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे थोडाच वाकलोय, बाकीचा समजून घे). तुझे गुडघे कसे आहेत? बेंगळुरूच्या सांबाराला अजून नावं ठेवतेस की सवय झाली? फोनवर विचारलं की तू "बरं आहे, ठेवते" म्हणून मोकळी होतेस, म्हणून हे पत्र. हेही मध्येच ठेवलंस तरी मला कळणार नाही, एवढं समाधान.

कारण गंभीर आहे. तुझं नाव जाणार आहे. रेशनकार्डावरून नव्हे, भुंग्यावरून. निवृत्त झालो तरी म्युझियमवाले मला अधूनमधून बोलावतात, कारण कीटकांच्या जुन्या पेट्यांतल्या चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत आणि ते अक्षर दुसऱ्या कुणाला लागत नाही. सध्या तिथे शेफाली नावाची हुशार मुलगी सगळ्या भुंग्यांचं वर्गीकरण नव्याने तपासते आहे. कुठे दोन जाती एक करते, कुठे एकीच्या दोन. (आपल्या भावकीत झाल्या नसतील इतक्या वाटण्या तिने या महिन्यात केल्या, आणि एकही कोर्टात गेली नाही.) परवा तिने तुझा भुंगा काढला. मांजरी गावातल्या आपल्या गोठ्यामागे तू शेणात हात घालून धरलेला, आणि आमच्या सरांनी नवी जात म्हणून ज्याला 'विजयमाली' नाव दिलं तोच. (आईला वाटलं होतं, आता हिचं लग्न काही जमत नाही.) शेफालीचं म्हणणं, ही वेगळी जात नाहीच. कुणा साहेबाने शंभर वर्षांआधी नाव देऊन ठेवलेला साधा शेणकिडा आहे, आणि जुनं नाव असेल तर नवं रद्द. फरक असलाच तर पुढच्या पायांवरच्या दात्यांत. साध्याला चार, तुझ्याला तीन, असं सरांनी लिहिलंय. पण आपल्या भुंग्याला पुढचे पायच नाहीत. कपाट हलवताना पेटी पडली, तेव्हा गेले. "काका, पाय दाखवा, मी नाव काढत नाही," म्हणाली. मुलगी वाईट नाही, फक्त पुरावा मागते.

म्हणून दुसरा भुंगा धरायला मी मांजरीला गेलो, बादलीभर ताजं शेण घेऊन. बसमध्ये मला लगेच जागा मिळाली, शेजारचीही मिळाली. आपला गोठा होता तिथे आता मोठी सोसायटी आहे. वॉचमनने विचारलं, कुठल्या फ्लॅटला जायचंय? मी म्हणालो, गोठ्यात. त्याने सेक्रेटरींना बोलावलं. त्यांनी अभिमानाने सांगितलं, की दर महिन्याला फवारणी होते, आमच्याकडे किडा औषधालाही सापडायचा नाही. मग मी भिंतीबाहेर नाल्याच्या कडेला शेण मांडून बसलो. दिवे लागले तरी एक भुंगा फिरकला नाही. एक बाई तेवढ्या आल्या. "शेण कसं किलो?" कुंड्यांना हवं होतं. आपल्याच रानात बसून शेण विकायला जीभ रेटेना. सगळं देऊन टाकलं.

ताई, तू म्हणतेस, मांजरीत आपलं आता काय राहिलंय? रिकामी बादली घेऊन परत निघालो तेव्हा मलाही तेच वाटलं. ऊस नाही, विहीर नाही, सातबाऱ्यावर आपण नाही. मांजरीचं म्हणून आपल्या घरातलं एकच नाव शिल्लक आहे, ते पेटीत टाचणीखाली, आणि तेही महिनाअखेर निघेल. तुझी फार आठवण येते गं. काही दिसलं की धावत जाऊन सांगावं, असं माणूस आता पुण्यात उरलेलं नाही.

तुझ्या पियुषला आणि सुनेला आशीर्वाद.

तुझा,
मच्छिंद्र

ता. क. सासरी जाताना तू तसलाच दुसरा भुंगा कुंकवाच्या जुन्या डबीत, कापसावर ठेवून नेला होतास. (आई म्हणाली होती, लोकांच्या मुली सोनं नेतात.) डबी आहे का अजून? असेल तर घेऊन ये. कुरिअर करू नकोस, पाय मोडतील. स्वतःच आण. तुझ्या गुडघ्यांसाठी इथे कमोड बसवून घेतलाय.

ता. क. दुसरा. शेफाली म्हणते, मोबाईलवर पायांचा स्वच्छ फोटो आला तरी तिचं काम होईल. तिचं होईल. माझं होणार नाही.