अश्विनीच्या कपाटाचा ओरखडा

सुर्ला, डिचोली
डिसेंबर १९८७

ती. नारायणदादांच्या पायांशी धाकट्या प्रभावतीचा नमस्कार. सावंतवाडीत थंडी पडली असेल. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे सगळे बरे आहोत, एक कपाट सोडून.

आमच्या अश्विनीला लग्नात द्यायचं लोखंडी कपाट आणलं. टेम्पोतून उतरवताना दारावर ओरखडा आला, केसाएवढा. (उन्हात तिरकं वाकून पाहिलं तरच दिसणारा.) मी म्हटलं, फडक्याला खोबरेल लावून पुसते, दिसायचा नाही. पण बायकोने सुचवलेला उपाय म्हणजे उपायच नव्हे! ह्यांनी शेजारच्या दत्तारामभावजींना हाक मारली. हे मराठीवाले, ते कोंकणीवाले. राजभाषेच्या वादापासून दोघे एकमेकांच्या सावलीलाही उभे राहत नव्हते. कपाटाची वाट लावायची म्हटल्यावर मात्र गळ्यात गळे.

आधी टूथपेस्ट घासली, मग चुलीतली राख. (जन्मात एक ताट घासलं नाही, पण राखेच्या गुणांवर मला व्याख्यान.) ओरखड्याभोवती भाकरीएवढा पांढरा डाग उठला. भावजी म्हणाले, "आतां पॉलिश पेपर मार रे, कांयच जावचें ना!" खरंच काही झालं नाही, रंग तेवढा जाऊन खाली पत्रा दिसू लागला. मग खाणीच्या गॅरेजमधून ट्रकचा रंग आला. कपाट राखाडी, रंग पिवळाधमक. एकच दार पिवळं कसं दिसेल, म्हणून अख्खं कपाट रंगवलं. मागे 'हॉर्न द्या' लिहायचं तेवढं राहिलं.

रविवारी पाळीहून विहीणबाई आल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. त्या कपाटाभोवती फिरल्या, बोट लावलं, बोट पिवळं झालं. म्हणाल्या, "आमच्याकडची कपाटं सगळी कचेरीसारखी. ह्याला कशी कळा आहे! कोणी गो रंगवलं?"

झालं! दोघेही वीर छाती काढून पुढे. आता ह्यांना साऱ्या गोतावळ्यातलं लोखंड खुणावतं आहे.

आपली,
प्रभावती

ता. क. शनिवारी हे तुमच्याकडे ब्रश घेऊन येताहेत. वहिनींच्या लोखंडी पलंगाला चरा आहे, हे मीच बोलून बसले. पलंग शेजाऱ्यांकडे हलवा.

ता. क. दुसरा. घासून घासून ह्यांच्या उजव्या तळव्याला फोड आलेत. लेकीच्या वस्तूत खोट नको, म्हणे. तुम्ही काही विचारू नका, लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढतील. जेवताना ताटात चमचा तेवढा ठेवा. स्वतःहून मागायचे नाहीत.