काचेखालचा निबंध

५ ऑगस्ट

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

मी बरी आहे. जेवते, झोपते, वर्गाला जाते. परवा सरांनी सगळ्यांना विचारलं, इथल्या भाषेत लिहिताना काय वाटतं? कुणाला भीती वाटते, कुणाला लाज. मी म्हटलं, काहीच वाटत नाही. सर हसले, पण खरंच वाटत नाही. म्हणून तर पटापट लिहून होतं.

‘घरातलं माणूस’ या विषयावर आईबद्दल लिहिलं. वर्गात पहिली आले. प्रत सोबत आहे. तुम्हाला वाचता येणार नाही, निदान लाल शाईतला शेरा तरी बघा. आणि चष्मा लावून शिवत जा.

लोभ आहेच, तो तसाच असू द्या.

तुमची लेक

१८ ऑगस्ट

चि. ठमीस,
अ. उ. आ.

अगं, तुझा निबंध दुकानात काउंटरच्या काचेखाली लावलाय. माप द्यायला येईल त्याला आधी तो दाखवतो. लोक म्हणतात, मास्तर, लेकीचं कौतुक पुरे, आमचा शर्ट कधी देताय?

काल एक प्राध्यापक पँटच्या ट्रायलला आले. त्यांना ती भाषा येते. उभ्याउभ्या सगळं वाचलं. पँट चांगली ढगळ होती, तरी छान आहे म्हणून घेऊन गेले. काय लिहिलंय विचारलं, तर म्हणाले, मुलीलाच विचारा.

आई झोपेत गेली, असं तू मला सांगितलं होतंस. मग त्यात एवढं काय आहे? परक्याच्या तोंडून मला ऐकायचं नाही. तूच लिही, आपल्या भाषेत.

तब्येतीला जप, बापावर माया राहू दे.

बाबा

२ सप्टेंबर

ती. बाबांस,
सा. न.

पाच कागद फाडले. हा सहावा.

आई झोपेत गेली नाही. दवाखान्यात दुपारी म्हणाली, त्यांना बोलवू नकोस, शाळेचे गणवेश आजच द्यायचेत. मी ऐकलं. चार वाजता मात्र म्हणाली, बोलाव. मला वाटलं, सहाला तुम्ही येणारच आहात. मी म्हटलं, निघालेत. फोन केलाच नव्हता. मग सारखं विचारायची, आले का? मी सांगायची, कोपऱ्यावर आलेत. सव्वापाचला विचारायची थांबली.

इथल्या भाषेत हे लिहिताना हात एकदाही अडला नाही. दुसऱ्याच कुणाची तरी आई असल्यासारखं लिहीत गेले. आता ‘आई’ लिहिलं की पुढे सरकत नाही. रडूही येत नाही.

काय बोलायचं ते बोला, पण पत्र पाठवा.

तुमचीच

१० सप्टेंबर

चि. ठमीस,
आशीर्वाद.

राग आला. खोटं कशाला बोलू, खूप आला. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. तू एक फोन करायला हवा होतास. गणवेश मीही दुसऱ्या दिवशी दिले असते तर चाललं असतं, शाळा काही पळून जात नव्हती.

एकच विचारतो, लगेच कळव. मी कोपऱ्यावर आलोय, असं तू म्हटल्यावर तिनं दाराकडे पाहिलं का?

बाबा