मंडईच्या छपरावरचे पॅनेल

ओर्मोक, १९ जानेवारी

तेओदादा,

नमस्कार. तुझा जबडा जुळत आलाय, पेज सोडून आता मऊ भात खातोस, असं वहिनीने आईला कळवलं. बरं वाटलं. आई बरी आहे. मासळी पुन्हा येऊ लागलीय, पण मंडई अजून उघड्यावरच भरते.

मी पत्र पाठवू नये, असंही वहिनीने लिहिलंय. तरी लिहितोय.

त्या दिवशी मंडईच्या छपरावर तू लोखंडी वाशाला पेचकस टोचलास आणि तो आरपार गेला. वासे गंजलेत, आधी ते बदलू, मग विजेची सौर पॅनेल चढवू, असं तू म्हणालास. बोल्ट नुसत्या पत्र्यात नको, वाशात बसव, कडेला हातभर जागा सोड, हेही. मला उद्घाटनाची घाई. काम थांबवायला तू शिडीकडे निघालास, तेव्हा मी तुझ्या हातावर पाना हाणला. तुझं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. खाली सांगितलं, दादा घसरला. तू गप्प राहिलास.

वासे न बदलताच मी पॅनेल पत्र्यात बसवली. डिसेंबरच्या वादळात छप्पर पॅनेलांसकट उठलं. एक पॅनेल मासळी विकायला बसलेल्या सोलेदादबाईच्या मानेवर आलं. टोपल्यांमध्येच तिचा जीव गेला.

तिच्या मुलांनी मला विचारलं. मी म्हणालो, वासे दादाने तपासले होते.

एवढंच म्हणालो. मग त्यांनी तुला घरातून फरफटत काढलं. मी गर्दीत होतो, दादा. वल्ह्याचा पहिला फटका तोंडावर बसायच्या आधी तू मला पाहिलंस.

"क्रिस, आईला आत ने," एवढंच बोललास.

मी आईला आत नेलं आणि कडी लावली. बाहेरचे फटके आम्ही दोघांनी ऐकले.

परवा मी सोलेदादच्या घरी गेलो. खरं सांगितलं. थोरला, बेनिग्नो, जाळं शिवत होता. त्याने ते शांतपणे बाजूला ठेवलं. माझा डावा डोळा अजून उघडत नाही, दोन बोटं मोडलीत, म्हणून अक्षर असं. नंतर त्यानेच मला पोलिसांकडे आणलं. जबानीवर सही केलीय. हे तिथूनच लिहितोय.

मंडईचे नवे वासे बसतायत. तू पाहिल्याशिवाय वर पत्रा चढू देणार नाही, असं बेनिग्नो म्हणतो. तो रविवारी तुझ्याकडे येईल. मारायला नाही. त्याला माफी मागायचीय, पण त्याला ती मागता येईल असं वाटत नाही. तू समजून घे.

माझ्यासाठी काही समजून घेऊ नकोस. तुला दादा म्हणायचा हक्क मी घालवलाय. दुसरं काय म्हणायचं ते मला येत नाही.

क्रिसांतो